ख्रिस्ती शास्त्रांतील नरक आणि एका पणजीचा प्रश्न

भंडाऱ्याच्या एका वृद्ध ख्रिस्ती शिक्षकांनीं आम्हांस एकदां एक प्रश्न विचारला होता. त्यांच्या आजोबांनीं तरुणपणीं बाप्तिस्मा घेतला. आजोबांच्या मातोश्री मात्र मरेपर्यंत आपल्या तुळशीला पाणी घालीत राहिल्या. मुलावर त्यांनीं राग धरला नाहीं. रविवारीं तो उपासनेस जाई तेव्हां त्याचें ताट त्या झांकून ठेवीत. एवढें सांगून शिक्षक म्हणाले, "आमच्या घरीं शास्त्र रोज वाचलें जातें. त्या शास्त्राप्रमाणें माझी पणजी आज कोठें आहे?"

त्या वेळीं आम्हीं विषय बदलला. आतां तो बदलल्याची खंत वाटते, म्हणून हा लेख. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ख्रिस्ती नरकाचा विचार परक्या घरचें भांडण वाटेल. परंतु गेल्या दोनशें वर्षांत मराठी बोलणाऱ्या किती तरी घरांत हा प्रश्न आई आणि मुलगा, नवरा आणि बायको यांच्या मध्यें येऊन उभा राहिला आहे. नागपुरांत स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं आले. त्यांच्याच स्कॉटिश मिशनचें ठाणें १८८२ सालीं भंडाऱ्यास बसलें. मिशनची शाळा आणि मिशनचा दवाखाना यांच्याबद्दल आमच्या समाजांत कृतज्ञता होती व आहे. त्या काळच्या बाजारांतल्या उपदेशाबद्दल मात्र तसें म्हणतां येत नाहीं. त्या उपदेशाचा धाक ज्या एका शब्दावर उभा होता, तो शब्द म्हणजे नरक. तेव्हां प्रथम शब्दाचीच परीक्षा करूं.

मराठी मनुष्यास नरक हा शब्द ख्रिस्ती उपदेशकाकडून शिकावा लागला नाहीं. घरांत मृत्यु झाला म्हणजे गरुडपुराण वाचलें जाई. त्यांतील वैतरणी, तप्त तेलाच्या कढया आणि यमदूत यांचीं वर्णनें ऐकतच येथील मुलें मोठीं झालीं. भागवताच्या पंचम स्कंधाच्या शेवटच्या अध्यायांत अठ्ठावीस नरकांची गणती आहे, आणि कोणत्या पापास कोणता नरक हेंही तेथें बजावून सांगितलें आहे. यातनांच्या वर्णनांत आमचीं पुराणें कोणासही हार जाणार नाहींत. भेद आहे तो मुदतीचा. आमच्या नरकास मुदत आहे. पापाचा भोग सरला कीं जीव तेथून सुटतो आणि उरलेलें कर्म घेऊन पुन्हां जन्मास येतो. यास अपवाद नाहीं असें नव्हे; मध्वाचार्यांच्या मतांत कांहीं जीव अंधतमसांतून कधींच वर येत नाहींत. तथापि सामान्य मराठी कानास नरक म्हणजे शिक्षा भोगून सुटण्याची जागा, हाच अर्थ ओळखीचा.

बायबलाच्या मराठी भाषांतरकारांनीं हाच शब्द उचलला. दुसरा मिळणें कठीणच होतें. त्यांस आम्ही दोष देत नाहीं. पण मूळ ग्रंथांत एक शब्द नसून निरनिराळे शब्द आहेत, हें साध्या वाचकाच्या ध्यानांत येत नाहीं. जुन्या करारांतील हिब्रू 'शिओल' म्हणजे मेलेल्यांचें अंधुक वसतिस्थान. तेथें सज्जन आणि दुर्जन दोघेही जातात. ग्रीक 'हेडीस' त्याचाच प्रतिशब्द. या दोहोंसाठीं मराठींत 'अधोलोक' हा शब्द वापरला गेला, आणि ती निवड चांगली आहे. ख्रिस्ती मतांगीकारांत येशू मरणानंतर जेथें उतरला असें म्हटलें आहे तोही अधोलोकच.

तिसरा शब्द 'गेहेन्ना', आणि मराठींत नरक होऊन आला आहे तो हा. मुळांत तें एका खऱ्या जागेचें नांव. यरुशलेम शहराच्या दक्षिणेस हिन्नोमचें खोरें आहे; तेथें एके काळीं मोलख देवतेस पोटचीं मुलें अग्नींत अर्पण करीत. योशीया राजानें ती जागा भ्रष्ट करून तो प्रकार बंद पाडला, आणि यिर्मया संदेष्ट्यानें त्या खोऱ्यास संहाराचें खोरें असें नांव पडेल म्हणून सांगितलें. तेथें शहराचा केरकचरा सदा जळत असे, असें व्याख्यानांतून ऐकूं येतें. त्यास प्राचीन आधार नाहीं, ती पुष्कळ पुढच्या काळची समजूत आहे. त्या कचऱ्यावांचूनही नांवाचा अर्थ पुरेसा भयंकर आहे. ज्या जागीं माणसांनीं देवाच्या नांवानें आपलीं लेंकरें जाळलीं, ती जागा येशूनें शिक्षेची खूण म्हणून निवडली. ही गोष्ट पुढें उपयोगी पडेल, म्हणून वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

नरक कोठला हें झालें. तो किती काळ, हा प्रश्न उरतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायांत शेवटच्या न्यायाचें चित्र आहे, आणि त्याच्या अखेरच्या वचनांत डाव्या हाताच्या मंडळीस जी शिक्षा सांगितली आहे तिला मराठी बायबलांत 'सार्वकालिक' हें विशेषण लागलें आहे. मूळ ग्रीक शब्द 'आयोनिओस'. तो 'आयोन' या नामापासून झाला, आणि आयोन म्हणजे युग. त्याच नामाचीं दुसरीं रूपें आलीं तेथें आमच्या भाषांतरकारांनीं 'युगानुयुग' असा सुंदर शब्द योजिला आहे. आतां युगें म्हटलीं कीं मराठी वाचकाच्या मनांत तीं येतात आणि जातात. सार्वकालिक म्हटलें कीं दार कायमचें बंद. मूळांत एकाच घराण्यांतले शब्द, पण मराठींत एकाला वारा लागतो आणि दुसऱ्यास लागत नाहीं.

एवढ्यावरून शिक्षा मुदतीचीच आहे असें सिद्ध झालें, असें कोणी म्हणेल तर तें आम्हांस मान्य नाहीं. पांचव्या शतकांत ऑगस्टिननें या युक्तिवादास जें उत्तर दिलें तें आजही जड आहे. त्याच वचनांत नीतिमानांच्या जीवनासही तेंच विशेषण लागलें आहे. शिक्षेला मुदत घालाल तर स्वर्गालाही घालावी लागेल, असा त्याचा मुद्दा. उलट पक्षाचे म्हणतात कीं तेथील शिक्षेचा शब्द 'कोलासिस' आहे, आणि ॲरिस्टॉटलनें सूड व शिस्त यांत भेद करतांना हा शब्द शिस्तीकडे घातला आहे. खरें, पण पुढच्या काळच्या ग्रीक भाषेंत तो भेद बराच पुसट झाला होता. व्याकरणावर हा खटला निकालीं निघत नाहीं, हेंच प्रामाणिक मत होय.

आणि शास्त्रही एकाच सुरांत बोलत नाहीं. एके ठिकाणीं जीव व शरीर दोहोंचा नाश करणाऱ्याचें भय धरण्यास सांगितलें आहे. तेथें यातना नव्हे, नाश आहे. प्रकटीकरणांत अग्नीचें सरोवर आहे आणि तेथील छळास अंत नाहीं. पौल करिंथकरांस लिहितो तेव्हां आदामांत जसे सर्व मरतात तसे ख्रिस्तांत सर्व जिवंत होतील असें म्हणतो, आणि शेवटीं देव सर्वांत सर्व होईल अशी आशा दाखवितो. या तीन सुरांतून तीन परंपरा निघाल्या. ओरिजेन आणि निसाचा ग्रेगरी यांनीं शेवटच्या उद्धाराची आशा धरली. पुढें सहाव्या शतकांत ओरिजेनच्या मतांचा धिक्कार झाला, पण ग्रेगरीचें संतपद अबाधित राहिलें. पश्चिमेकडील मंडळीनें ऑगस्टिनची वाट धरली, आणि तीच हजार वर्षांनीं आमच्या किनाऱ्यास लागली.

ती येथें आल्यावर तिला जो पहिला तोलाचा विरोधक भेटला तो मराठी घराण्यांतला होता, आणि पुढें तिचा वकीलही तोच झाला. नीळकंठशास्त्री गोरे यांची हकीकत आमच्या वाङ्मयाच्या इतिहासांत उपेक्षित आहे. कोंकणस्थ घराण्यांत १८२५ सालीं जन्मलेला हा पंडित काशींत वाढला. जॉन म्यूर यांनीं 'मतपरीक्षा' नांवाच्या संस्कृत ग्रंथांत हिंदुधर्मावर टीका केली होती. तिला उत्तर म्हणून गोऱ्यांनीं वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहिला. त्यांतील ज्या आक्षेपांवर त्यांनीं भर दिला त्यांत हा एक होता : जन्मास येण्यापूर्वीं ज्यास कर्म नाहीं असा जीव ईश्वरानें निर्माण करावा, त्यास एकच अल्प आयुष्य द्यावें, आणि त्या आयुष्यांतील चुकीबद्दल अनंत यातना द्याव्या, हा न्याय कोणता? पाप मोजकें आणि शिक्षा अमर्याद, हें दयाळू ईश्वरास शोभत नाहीं. त्यापेक्षां पुनर्जन्माची व्यवस्था अधिक न्याय्य आहे.

चारच वर्षांत, १८४८ मध्यें, हेच गोरे जौनपुरास ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोरे या नांवानें प्रसिद्धीस आले. १८६८ सालीं त्यांची एक इंग्रजी पुस्तिका कलकत्त्यास निघाली. तिचा विषय सार्वकालिक शिक्षेच्या सिद्धांतावरील आक्षेप, आणि भूमिका त्या सिद्धांताच्या समर्थनाची. म्हणजे तरुण शास्त्र्यानें संस्कृतांत जें प्रश्नपत्र काढलें, त्याचीं उत्तरें प्रौढ धर्मोपदेशकानें इंग्रजींत लिहिलीं. यास कोणी दुटप्पीपणा म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. गोऱ्यांचें मन जन्मभर संशयानें पोळलेलें होतें, आणि बुद्धीस न पटलेली गोष्ट त्यांनीं मंडळीच्या अधिकारावर विश्वासून शिरोधार्य केली. परंतु समीक्षक म्हणून एक गोष्ट नोंदविणें आमचें कर्तव्य आहे. विसाव्या वर्षीं काढलेला प्रश्न जोरदार होता तो त्यांत एका विशिष्ट माणसाचा कळवळा होता म्हणून : ज्यानें हें नांव कधीं ऐकलेंच नाहीं त्याचें काय? या माणसास सिद्धांताच्या समर्थनानें उत्तर मिळत नाहीं. फार तर त्यास गप्प बसवितां येतें.

मौज अशी कीं, ज्या काळांत हा सिद्धांत आमच्या बाजारांत निर्विवाद म्हणून सांगितला जात होता, त्याच काळांत इंग्लंडांत त्यावर रणें माजलीं होतीं. फ्रेडरिक मॉरिस यांनीं 'सार्वकालिक' या शब्दाचा काळाशीं संबंध नाहीं असें प्रतिपादिलें म्हणून १८५३ मध्यें लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील त्यांची अध्यापकी गेली. १८६४ मध्यें प्रिव्ही कौन्सिलनें निर्णय दिला कीं, शेवटीं पाप्यांसही क्षमा होईल अशी आशा प्रकट करणें हा इंग्लंडच्या धर्मगुरूचा कायद्यानें अपराध ठरत नाहीं. १८७७ मध्यें वेस्टमिन्स्टर ॲबींत फ्रेडरिक फॅरर यांनीं अनंत यातनांच्या रूढ कल्पनेवर प्रवचनें केलीं. तीं पुढच्याच वर्षीं पुस्तकरूपानें निघून फार गाजलीं. हे फॅरर जन्मले आमच्या मुंबईंत, १८३१ सालीं. पण त्यांच्या जन्मगांवीं त्यांचा हा वाद किती कानांवर पोंचला? घरीं ज्याविषयीं भांडण चालू आहे तें बाहेर निकाल लागल्यासारखें सांगावें, ही रीत एकट्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांचीच आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं.

आतां आमच्या मुख्य म्हणण्याकडे येऊं. आणि त्यासाठीं पुन्हां भंडाऱ्याकडे यावें लागेल. नागपुराहून राजनांदगांवास जाणारी आगगाडी भंडारा रोड आणि तुमसर मागें टाकून वैनगंगा ओलांडते. १८९३ च्या सुमारास या गाडींत नारायण वामन टिळक यांस एका युरोपीय प्रवाशानें नव्या कराराची प्रत दिली. पुस्तक वाचावयास घेतल्यावर टिळक डोंगरावरील प्रवचनापाशीं आले आणि त्यांस तें सोडवेना, हें त्यांनीं स्वतःच सांगितलेलें प्रसिद्ध आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षीं, त्याच मुंबईंत, ऑक्टोबरांत नेहेम्या गोरे वारले.

टिळकांच्या या कथेवरून सामान्यतः असें सांगतात कीं, नरकाच्या धाकानें जें झालें नाहीं तें प्रवचनाच्या गोडव्यानें झालें. टिळकांच्या अभंगांत धाकापेक्षां ओढ अधिक आहे, हें खरें. परंतु तें प्रवचन उघडून पाहिलें तर काय दिसतें? त्याच्या पहिल्याच अध्यायांत गेहेन्ना हा शब्द तीन वेळां आला आहे. ज्या पानांनीं टिळकांस मोहिलें त्याच पानांवर नरक आहे. मग त्यांस तो खुपला कसा नाहीं? आमचें उत्तर असें कीं, तेथें नरक कोणास सांगितला आहे हें पाहिलें म्हणजे कोडें सुटतें. तो मूर्तिपूजकांस सांगितलेला नाहीं, परधर्मीयांस नाहीं, अज्ञान्यांस नाहीं. आपल्या भावास मूर्ख म्हणून तुच्छ लेखणाऱ्यास तो सांगितला आहे; परस्त्रीकडे पापदृष्टीनें पाहणाऱ्यास सांगितला आहे; आणि ऐकणारे आहेत पायांशीं बसलेले शिष्य.

नव्या करारांत गेहेन्ना हा शब्द एकंदर बारा वेळां येतो. त्यांपैकीं अकरा वेळां तो येशूच्या मुखीं आहे आणि एकदां याकोबाच्या पत्रांत, तोही जिभेच्या आगलावेपणाविषयीं. परराष्ट्रीयांस उपदेश करण्यांत ज्यानें आयुष्य वेंचलें त्या पौलाच्या पत्रांत हा शब्द एकदांही नाहीं. प्रेषितांचीं कृत्यें या ग्रंथांत परधर्मीयांपुढें केलेलीं किती तरी भाषणें आहेत. त्यांत तो एकदांही नाहीं. येशू हा शब्द उच्चारतो तो शिष्यांपुढें, अथवा शास्त्री-परूश्यांस उद्देशून, म्हणजे त्या काळच्या धर्ममार्तंडांस. परधर्मीयास आपल्या पंथांत आणण्यासाठीं समुद्र व भूमि पालथी घालून शेवटीं त्याला आपल्याहून दुप्पट नरकपुत्र करून सोडणाऱ्यांवर त्यानें जो कोरडा ओढला आहे, तो तर प्रत्येक धर्माच्या प्रचारकानें उशाशीं लिहून ठेवावा असा आहे. देवाच्या नांवानें स्वतःचीं लेंकरें जाळणाऱ्यांच्या खोऱ्याचें नांव त्यानें का निवडलें, याचा उलगडा आम्हांस येथें होतो. गेहेन्ना हें बाहेरच्याला दाखविण्याचें चित्र नव्हे. घरांतल्या धार्मिकाच्या तोंडापुढें धरलेला तो आरसा आहे. बाजारांतल्या उपदेशकानें आरसा उलटा फिरविला आणि श्रोत्यांकडे केला. येथून सारा बिघाड सुरू झाला.

लूकाच्या सोळाव्या अध्यायांतील श्रीमंताची गोष्ट हीच साक्ष देते. तो अब्राहामाच्या वंशांतला आहे. अधोलोकांतही अब्राहाम त्याला मुला म्हणूनच हांक मारतो. त्याचें मत चुकीचें होतें असें कथा म्हणत नाहीं. त्याच्या दाराशीं लाजर फोडांनीं भरून पडलेला असे, आणि तो रोज त्याला ओलांडून जाई, एवढाच त्याचा गुन्हा. मत्तयाच्या ज्या अध्यायावर सार्वकालिक शिक्षेची सारी इमारत उभी आहे, त्यांतील न्यायाधीशही कोणास तुझा मतांगीकार काय म्हणून विचारीत नाहीं. भुकेल्यास अन्न दिलेंस काय, तान्हेल्यास पाणी दिलेंस काय, परक्यास घरांत घेतलेंस काय, एवढेंच तो विचारतो. आणि उजव्या हाताचे लोक थक्क होतात, कारण आपण हें सारें कोणासाठीं केलें हें त्यांस ठाऊकच नसतें.

आमच्या म्हणण्यास बाधक वचनें नाहींत काय? आहेत, आणि तीं लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत देवाला न ओळखणाऱ्यांस सार्वकालिक नाश सांगितला आहे. पण तेथें पुढें छळ सोसणारी मंडळी आहे आणि रोख छळ करणाऱ्यांवर आहे. योहानाच्या शुभवर्तमानांत विश्वास न ठेवणाऱ्यावर दोष आहे. पण प्रकाश पाहून अंधार पत्करणाऱ्याविषयीं तें बोलणें आहे. याच्या उलट रोमकरांस लिहितांना पौल म्हणतो कीं, ज्यांस नियमशास्त्र मिळालें नाहीं त्यांच्या अंतःकरणावरच तें लिहिलेलें आहे आणि त्यांचें मन त्यांचें साक्षी होईल. पेत्राच्या पत्रांत तर मेलेल्यांसही सुवार्ता सांगितली गेल्याचा उल्लेख आहे. १९६४ सालीं व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मपरिषदेनें, ज्यांस स्वतःच्या दोषावांचून सुवार्ता कळली नाहीं पण जे सदसद्विवेकाला अनुसरून चालतात त्यांसही तारण मिळूं शकतें, असें स्पष्ट लिहून ठेविलें. प्रोटेस्टंट पंथांत एकमत नाहीं. होण्याचें चिन्हही नाहीं.

म्हणून शिक्षकांच्या प्रश्नास आमचें उत्तर असें. शिक्षा संपते कीं संपत नाहीं हें शास्त्राच्या शब्दांवरून ठरवितां येत नाहीं. ती कोणासमोर ठेविली आहे हें मात्र ठरवितां येतें. त्या म्हातारीपुढें ती ठेविलेली नाहीं. रविवारीं ताट झांकून ठेवणारे हात उजव्या बाजूचे कीं डाव्या, हें त्या अध्यायाच्या वाचकानें स्वतःच ठरवावें. आणि ती नरकांत आहे असें जो छातीठोकपणें सांगेल, त्यानें आपण कोणत्या बाजूस उभे आहों हें आधीं पाहावें.

एक शेवटची गोष्ट. महाभारताच्या स्वर्गारोहणपर्वांत युधिष्ठिराला देवदूत नरकाच्या वाटेनें नेतो. दुर्गंधीनें जीव घाबरून तो परत फिरूं लागतो, तोंच अंधारांतून भावांचे आणि द्रौपदीचे आर्त आवाज येतात. युधिष्ठिर दूताला परत पाठवितो आणि म्हणतो कीं माझे आप्त येथें आहेत तर मीही येथेंच राहणार. इकडे पौल रोमकरांस लिहितो कीं, माझ्या बांधवांसाठीं मीच ख्रिस्तापासून तोडला गेलों तरी चालेल. त्याच्या आधीं मोशेनें देवाला विनविलें होतें कीं या लोकांस क्षमा करणार नसशील तर तुझ्या पुस्तकांतून माझेंही नांव खोड. तिघांचे धर्म निराळे, शास्त्रें निराळीं. पण नरकाचा प्रश्न त्यांनीं आपल्या माणसांच्या बाजूनें उभें राहून विचारला; दुसऱ्याच्या पणजीकडे बोट दाखवून नव्हे.

हें उत्तर आम्ही त्या शिक्षकांस त्या दिवशीं द्यावयास हवें होतें. आज तें येथें देत आहों.